फ्रान्समध्ये गाड्यांशिवाय ग्रॅव्हल रूट: कनाल दु मिदी पूर्ण करावा का?

सायकलवारी:
नमस्कार मंडळी. पुढच्या मेच्या शेवटी आठवडाभर सुट्टी जुळून येतेय, मी आणि नवरा सायकली घेऊन फ्रान्सच्या दक्षिणेला जायचं म्हणतोय. आम्ही पॅरिसला असतो, त्यामुळं तुलूजपर्यंत ट्रेननं जाणं सोपं आहे. अट एकच, वाटेत गाड्या नकोत. बाजूनं ट्रक सुसाट गेला की नवऱ्याला धडकी भरते, आणि मलाही सतत मागं वळून बघत सायकल चालवण्यात काही मजा वाटत नाही. दोघांकडं ग्रॅव्हल बाइक (माती-खडीच्या वाटांवर चालणारी सायकल), ४० मिमीचे टायर, सामान मागच्या दोन पॅनियरमध्ये, म्हणजे चाकाच्या बाजूच्या पिशव्यांमध्ये. डोक्यात आहे तो कनाल दु मिदी, तुलूजपासून समुद्रापर्यंत २४० किलोमीटर, सरळ कालव्याच्या कडेनं. ज्यांनी केलाय त्यांनी प्लीज सांगा, अख्खा मार्ग खरंच छान आहे का, का त्या भागात याहून चांगलं काही आहे?

चाकोरीबाहेर:
ताई, कालवा सुंदर आहे यात वादच नाही. कालवा बांधणाऱ्या रिकेनं १६६६ ला काम सुरू केलं, १६८१ ला पाणी खेळलं, आणि तो स्वतः काही महिने आधीच गेला, त्याला पुरा झालेला बघायला मिळाला नाही. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं करा असं मी सांगणार नाही. तुलूज ते पोर्त-लोरागे हा पन्नासेक किलोमीटरचा भाग डांबरी आहे, सपाट आहे, सुरक्षित आहे, पण ग्रॅव्हल बाइक घेऊन तिथं करायचं काय? शिवाय तुलूजजवळ धावणारे, ऑफिसला जाणारे, लहान पोरं, सगळ्यांची गर्दी. त्यापुढं ओद जिल्ह्यात शिरलं की चित्र पालटतं, काही तुकडे आता सुधारलेत पण बऱ्याच ठिकाणी फूटभर रुंदीची पायवाट, एका बाजूला पाणी आणि मध्ये प्लेन नावाच्या झाडांची मुळं वर आलेली. भरलेल्या पॅनियरनिशी दिवसभर मुळांवरून दणके खात जायचं म्हणजे मनगटं बोलायला लागतात. सावलीही सगळीकडं राहिलेली नाही. २००६ मध्ये या झाडांवर बुरशीचा रोग सापडला, त्यावर इलाज नाही म्हणून हजारो झाडं तोडावी लागली, नवीन लावलीत पण ती मोठी व्हायला वेळ लागणार.

माझं ऐकाल तर कालवा सोडा आणि कालव्याचं पाणी जिथून येतं तिकडं जा. तुलूजहून कालव्यानंच सय द नोरूझपर्यंत या, ही १८९ मीटरवरची खिंड म्हणजे कालव्याचा सगळ्यात उंच बिंदू, इथून पाणी एकीकडं अटलांटिककडं आणि दुसरीकडं भूमध्य समुद्राकडं उतरतं. पण उंचावर पाणी आणायचं कुठून हाच रिकेपुढचा खरा प्रश्न होता. त्यानं मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे अडवले आणि बारीक पाटांनी ते पाणी नोरूझला आणलं. त्या पाटाला रिगोल म्हणतात. रिगोल द ला प्लेन नोरूझहून रव्हेलच्या बाजूला जाते, शेतांमधून वळणं घेत, कडेनं माती-खडीचा ट्रॅक, झाडांची सावली, गाडी नावालाही नाही, फक्त अधेमधे रस्ता ओलांडायचा. चढ इतका हळू की पाय दुखत नाहीत तोवर कळतही नाही. पाऊस पडून गेला असेल तर मात्र एक दिवस थांबा, या लोरागे भागातली चिकणमाती टायरला चिकटून मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरायचं बंद होतं, मग काडीनं खरवडत बसा.

रव्हेलच्या वर सॅं-फेरेओलचा तलाव लागतो, कालव्यासाठीच बांधलेला. तिथून वर ले कामाझला डोंगरातली रिगोल सुरू होते आणि तिथं फ्रेंच लष्करी अभियंता व्होबाननं डोंगरातून पाण्यासाठी काढलेला बोगदा आहे. पुढं लांपी तलाव आणि मग अल्झोपर्यंत बीच झाडांचं जंगल. वाट अरुंद आहे, चालणारी माणसं भेटतात, त्यांना आधी वाट द्यायची. माझ्या मते त्या सगळ्या परिसरातला ग्रॅव्हलचा सर्वात देखणा तुकडा हाच.

रेल्वेची_वाट:
वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन, आणि त्यात माझी भर. तिथपर्यंत गेलात तर पासा पाईस करून या. माझामे ते बेदारिय, साधारण ८० किलोमीटर, जुना रेल्वेमार्ग काढून केलेली व्हॉय व्हेर्त. फ्रान्समध्ये व्हॉय व्हेर्त अशी पाटी असली की तिथं मोटारगाडीला कायद्यानंच मनाई, त्यामुळं तुमच्या मिस्टरांना बिनघोर चालवता येईल. व्हेलोरूत (सायकलमार्ग) लिहिलं असेल तर मात्र जपून, त्यात कमी वर्दळीचे का होईना पण गाड्यांचे रस्ते येऊ शकतात, नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

पासा पाईसवर दाबलेली बारीक खडी आहे, ४० चे टायर अगदी पुरेत. रेल्वेचा चढ म्हणजे हळूहळूच असणार. माझामेकडून निघालात तर फेनीयच्या बोगद्यापर्यंत हलकं चढत जायचं, बोगदा पाऊण किलोमीटरचा, आत गारठा असतो, विंडचीटर वरच ठेवा आणि दिवे लावा. आणि बघा, हीसुद्धा तीच पाणलोटाची रेघ, नोरूझची! अलीकडं तोरे नदी अटलांटिककडं जाते, पलीकडं जोर भूमध्याकडं. बोगद्यातून बाहेर पडलात की थोड्याच अंतरात हवा बदलते, ओली हिरवाई मागं पडते आणि पुढं उतरत गेलं की ऑलिव्ह आणि द्राक्षमळे. सॅं-पॉन्सला जोरचा उगम गावातच आहे. ओलार्गला लोखंडी पूल लागतो, तिथं सायकल उभी करून गावाकडं बघा, घाई करू नका.

एक कटकट आहे, रस्ता ओलांडायच्या जागी गाड्या शिरू नयेत म्हणून आडवी फाटकं लावलेली असतात, त्यातून रुंद पॅनियर काढताना अडकतात, एकानं पलीकडून धरलेलं बरं.

सायकलवारी:
बाप रे, एवढं छान लिहिलंत दोघांनी, मनापासून आभार! रिगोलबद्दल तर काहीच माहीत नव्हतं, आता कालवा बघायची उत्सुकता उलट वाढली. दोन शंका. अल्झोपासून माझामेपर्यंत कसं जायचं? आणि पाण्याचं, खाण्याचं काय?

चाकोरीबाहेर:
तो मधला टप्पा जंगलातल्या ट्रॅकनी स्वतः जोडावा लागतो. फ्रान्सच्या सरकारी नकाशासंस्थेचे, आयजीएनचे, १:२५००० नकाशे ऑनलाइन फुकट दिसतात, त्यावर आखा. जंगलखात्याच्या ट्रॅकला तोंडाशी लोखंडी आडकाठी असते, ती गाड्यांसाठी, सायकल बाजूनं जाते. पण "प्रोप्रियेते प्रिव्हे" (खासगी मालमत्ता) दिसलं तर आत जायचं नाही. थोडा लहान डांबरी रस्ता घ्यावा लागेल आणि चढ आहेत बरं का, हा दिवस छोटा ठेवा. चढ नकोच असेल तर रव्हेलहून मागं तुलूजला या आणि तिथून माझामेची टेर, म्हणजे प्रादेशिक ट्रेन पकडा, थेट जाते.

मेचा शेवट अगदी उत्तम. जुलै-ऑगस्टला दक्षिणेत ऊन भाजतं, आगीचा धोका असला की प्रिफेक्चर (जिल्हा प्रशासन) काही जंगलं बंदही करतं, आणि सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम, तेव्हा जंगलात भडक रंगाचे कपडे लागतात.

रेल्वेची_वाट:
पाण्यासाठी प्रत्येक गावाची दफनभूमी शोधा, फुलझाडांसाठी तिथं नळ असतोच. "नों पोताब्ल" लिहिलं असेल तर प्यायचं नाही. खाण्याचं मात्र सकाळीच बघून घ्यायचं, लहान गावात दुपारी बेकरीसुद्धा बंद, आणि सोमवारी बरीच दुकानं उघडतच नाहीत. रविवारी दुपारनंतर ब्रेड मिळेल या भरवशावर राहू नका.

परतीसाठी बेदारियला स्टेशन आहे, तिथून टेरनं बेझिएला उतरा. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, वेळापत्रक आधी बघा आणि त्याप्रमाणे शेवटचा मुक्काम ठरवा. बेझिएला फोन्सेरानचे जिन्यासारखे चढत जाणारे लॉक (बोटी वर-खाली नेणारे दारांचे हौद) बघायचे, आणि एक दिवस उरला तर कालव्याच्या कडेनं आग्दपर्यंत जा, समुद्राला हात लावायची हौसही फिटेल. घरी जाताना लांब पल्ल्याच्या ट्रेनला सायकलींचं आरक्षण तिकिटाबरोबरच करा, नंतर जागा मिळत नाही.