'मेक आउट'चं मराठी काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ओळखीच्या एका वकिलांना इंग्रजी कागदपत्रांचं मराठी करून देतो. पक्षकाराला वाचता यावं एवढ्यापुरतंच, कोर्टात दाखल करायचं नसतं. सध्या फसवणुकीच्या प्रकरणाची एक फाइल हातात आहे आणि तिच्यात 'मेक आउट' पानोपानी वेगळंच काहीतरी म्हणतंय.

फिर्यादीत आहे, 'द चेक वॉज मेड आउट इन माय नेम'. हे सरळ आहे, चेक माझ्या नावाने काढला होता. पुढे 'ही मेड आउट दॅट द प्लॉट वॉज हिज', म्हणजे प्लॉट आपलाच असल्याचं त्याने भासवलं. एका जबाबात 'आय कुड नॉट मेक आउट द सिग्नेचर' आहे, तिथे 'सही लागेना' लिहिलं. हस्ताक्षर 'लागत नाही' असं आमच्याकडे अजून म्हणतात.

इथवर निभावलं. पण एफआयआर रद्द व्हावा म्हणून आरोपीने हायकोर्टात केलेल्या अर्जात आहे, 'नो ऑफेन्स इज मेड आउट'. 'गुन्हा सिद्ध होत नाही' लिहावं, तर खटला अजून उभाच राहिलेला नाही. 'गुन्हा घडलाच नाही' फार छातीठोक वाटतं. काय लिहू? आणि कुठला अर्थ कुठे, हे ओळखायची काही खूण असते का?

(कॉलेजातल्या मुलांना माहीत असलेला अमेरिकन अर्थ मलाही माहीत आहे. विनोद कृपया दुसऱ्या धाग्यावर.)

प्रतिसाद १
'सिद्ध' अजिबात नको. हे वाक्य अशा अर्जांत ठरलेलं असतं. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या 1990 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने एफआयआर कधी रद्द करता येतो याचे सात प्रकार नमुन्यादाखल दिले. पहिलाच हा: फिर्यादीतले आरोप जसेच्या तसे खरे धरले तरी त्यातून गुन्हा होत नसेल तर. म्हणजे 'मी हे केलं नाही' हा इथला मुद्दाच नाही. 'केलं असं धरा, तरी तो गुन्हा ठरत नाही' असं म्हणणं आहे. 'फिर्यादीवरून प्रथमदर्शनी कोणताही गुन्हा दिसून येत नाही' असं लिहा. हे अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 482 खाली व्हायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 528 खाली होतात.

प्रतिसाद २
इंग्रजी शिकवते म्हणून लिहितेय. खूण बहुतेक वेळा पुढच्या शब्दात सापडते. चेक, बिल, यादी आली की लिहून देणं. 'दॅट' आलं की भासवणं, आणि त्यात बोलणाऱ्याचा अविश्वास डोकावतो. आधी 'कान्ट' किंवा 'कुड नॉट' असेल तर बहुधा दिसणं, ऐकू येणं, उमगणं. पुढे काहीच नसेल, 'हाउ डिड यू मेक आउट?', तर 'कसं काय झालं?', हे अमेरिकेकडे जास्त. सर्वनाम मात्र मधेच बसतं: 'मेक इट आउट'.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार, अर्जाचं काम झालं. आता जबाबातलंच एक: 'आय कुड नॉट मेक हिम आउट'. ओळखू आला नाही, की कसला माणूस आहे ते कळेना?

प्रतिसाद २
दोन्ही होऊ शकतं. आधीचं वाक्य काय आहे?

मूळ धागाकर्ता
दोघं एका टेबलाशी चहा पीत बसलेत.

प्रतिसाद २
मग 'मला त्याचा अंदाज येईना'.