मदत हवी आहे: डब्यांचा हिशोब शीटमध्येच ठेवू की डेटाबेस करू?

नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. आई गेली अकरा वर्षं घरगुती डबे देते. सुरुवात शेजारच्या इमारतीतल्या एका काका-काकूंपासून झाली, आता १४० डबे जातात. निम्मे ऐरोली-रबाळ्याच्या ऑफिसांत, बाकीचे घरोघरी. स्वयंपाकाला आई आणि दोन मावशी, पोचवायला दोन मुलं, आणि हिशोब माझ्याकडे. माझी नोकरी आहे, त्यामुळे तो रविवारी दुपारी होतो.

सध्या सगळं गूगल शीटमध्ये आहे. दर महिन्याला नवा टॅब. डावीकडे नावं, वर १ ते ३१ तारखा, डबा गेला की १, खाडा असला की ०. शेवटी बेरीज गुणिले दर. वीस-पंचवीस डबे होते तोवर हे छान चाललं.

मग दर वाढवला. १५ जूनपासून पूर्ण डबा ११० चा १२० केला. दर एकाच चौकोनात लिहिलेला आणि सगळे टॅब तिथूनच उचलतात. मी तिथे १२० लिहिलं आणि एप्रिल-मेची बिलंही वाढली. ज्यांनी चोख पैसे दिले होते त्यांच्या नावापुढे बाकी दिसायला लागली.

त्याआधी मे महिन्यात याहून वाईट झालं होतं. नावं अकारविल्हे लावताना माझ्याकडून फक्त नावांचाच रकाना निवडला गेला. नावं हलली, खाडे जागेवर राहिले. माझ्या लक्षातही आलं नाही. अकरा वर्षांपूर्वीचे ते पहिले काका तेव्हा नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. त्यांना पूर्ण महिन्याचं बिल गेलं आणि त्यांनी ते काही न बोलता भरलं. काकूंच्या बोलण्यात सहज आलं म्हणून कळलं. पैसे लगेच परत केले, पण आईला ते फार लागलं. त्या घरून आलेला पहिला डबा तिने अजून जपून ठेवलाय.

ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, शीट सोड, डेटाबेस कर. मला शीटची सूत्रं येतात, डेटाबेसचं काही येत नाही. शिकायची तयारी आहे. पण खाडे आई मोबाईलवर टाकते, पहाटे साडेपाचला, कणकेच्या हातांनी. तिला जमेल असं हवं. काय करू?

कळवेकर
ताई, आधी आकाराची भीती काढून टाका. १४० डबे, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ३,६४० नोंदी. वर्षाला ४३,६८०. गूगल शीटमध्ये एक कोटी चौकोन मावतात. एका नोंदीला पाच चौकोन धरले तरी चाळीसहून जास्त वर्षं लागतील. आकारामुळे खरंच फसलेलं उदाहरण म्हणजे २०२० सालचं इंग्लंड. तिथे कोविडच्या नोंदी एक्सेलच्या जुन्या फाइलप्रकारात घेत होते, त्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नाही. १५,८४१ रुग्ण यादीतून गळाले. तुम्ही त्या वाटेला नाही.

तुमचा घोटाळा आडव्या तारखांमुळे होतोय. रोजचा १ लिहूच नका. एक 'खाडे' नावाचा टॅब करा: तारीख, ग्राहक, किती डबे. बस. डबा गेला हे गृहीत, न गेलेलाच लिहायचा. माणशी तीन-चार खाडे धरले तर महिन्याला पाचशे ओळी होतील. बिलाच्या टॅबमध्ये समइफ्सने, म्हणजे अटीप्रमाणे बेरीज करणाऱ्या सूत्राने, प्रत्येकाचे न गेलेले डबे मोजा.

खाडीकाठ
मी बरीच वर्षं डेटाबेसवरच काम करतो, तरी कळवेकरांशी सहमत आहे. फक्त डेटाबेसकडून दोन गोष्टी उसन्या घ्या.

पहिली, दर. दर हा एक आकडा नाही, त्याला तारीख आहे. वेगळा टॅब: डब्याचा प्रकार, दर, कधीपासून. जुनी ओळ कधीही खोडायची नाही, खाली नवी लिहायची. जूनचं बिल मग दोन तुकड्यांत निघेल, १४ पर्यंत ११० ने आणि पुढे १२० ने. आणि बिल पाठवलं की त्या आकड्यांची नुसती किंमत चिकटवून ठेवा, सूत्र नको. गेलेलं बिल पुन्हा बदलता कामा नये.

दुसरी, ओळख. नावावर हिशोब ठेवू नका. 'जोशी' आणि पुढे एक रिकामी जागा असलेलं 'जोशी' ही शीटला दोन माणसं वाटतात. १९७० साली आयबीएममधल्या कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं. त्यात ओळींच्या क्रमाला अर्थच नाही. प्रत्येक ओळ आपल्या किल्लीने, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच ओळीला नसलेल्या खुणेने, ओळखायची. तसं असतं तर सॉर्ट करून काकांचे खाडे दुसऱ्याच्या नावावर गेले नसते. तुमच्याकडे ग्राहकाला क्रमांक आहे का?

मूळ धागाकर्ती
आहे की! डब्यांवर ऑइलपेंटने क्रमांक घातलेत. एकाला दोन डबे, दोन्हींवर तोच क्रमांक, एक जातो तेव्हा एक परत येतो. आई तर माणसांना क्रमांकानेच ओळखते, "सत्तावीसला आज भात नको" असं. पण कोणी बंद झालं की तो डबा घासून नव्या माणसाला देतो.

खाडीकाठ
मग तो क्रमांक तसाच किल्ली म्हणून चालणार नाही. जुन्या सत्तावीसची बाकी नव्या सत्तावीसच्या गळ्यात पडेल. ग्राहकाला वेगळा क्रमांक द्या, जो पुन्हा कोणालाही मिळणार नाही. डब्याचा क्रमांक शेजारच्या रकान्यात राहू दे, आईंना तोच दिसू दे.

घणसोलीची सून
आमच्याकडे सासूबाईंचे मसाले आहेत, पापड आहेत. दिरांनी हौसेने मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेसमध्ये सगळं बसवलं होतं. चांगलं होतं हो, चुकीची नोंद घेतच नव्हतं. पण ते फक्त लॅपटॉपवर चालायचं, आणि दीर पुण्याला गेल्यावर एक रकाना वाढवायलाही त्यांना फोन करावा लागे. आता गूगल फॉर्म आहे. यादीतून नाव निवडायचं, तारीख, पाठव. सासूबाई ओळींना हातच लावत नाहीत, त्यामुळे काही हलत नाही. शीटला संरक्षण लावा, ते नक्की करा.

कळवेकर
+१. डेटाबेस केव्हा, तर चार-पाच जण एकाच वेळी नोंदी बदलायला लागले, किंवा पोचवणाऱ्या मुलांनाही फक्त आपापलेच ग्राहक दिसावेत असं वाटलं, तेव्हा.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ग्राहक, दर, खाडे, बिलं आणि आलेले पैसे असे पाच टॅब केले. फॉर्म आईच्या मोबाईलवर टाकला. यादीत नावाआधी डब्याचा क्रमांक आणि अक्षर मोठं. आज पहाटे तिने चार खाडे स्वतः टाकले. जूनची बिलं मी दोन्ही पद्धतींनी काढून ताडून बघणार आहे, काकांचं सगळ्यात आधी.

एक राहिलंच. काही ऑफिसवाले आदल्या रात्री अकराला 'उद्या नको' कळवतात, काही सकाळी नऊला, भाजी झाल्यावर. उशिराच्या खाड्याचे आम्ही अर्धे पैसे घेतो. हे खाड्यांच्या टॅबमध्ये वेगळा रकाना करून लिहू, की दराच्या टॅबमध्ये 'उशिराचा खाडा' असा एक प्रकारच करू?