अनुभव धागा: दुपारीच आजारी पडून घरी गेलात, रजा कशात धरली?

धागाकर्ती (पुणे, छोटी कंपनी, एचआर आणि अॅडमिन दोन्ही मीच)

सकाळी पंच करून आत आलेला माणूस दुपारी कण्हत समोर उभा राहिला, तर "जा बाबा घरी" म्हणायला कायदा लागत नाही. भानगड होते महिनाअखेरीला, हजेरी पगाराकडे पाठवताना. त्या दिवसाच्या चौकटीत काय भरायचं? पूर्ण दिवस, अर्धी रजा, की बिनपगारी?

राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, त्याही तिमाहीप्रमाणे जमा होतात. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाहीच, मग मध्येच उठून गेलेल्याचं काय ते कुठून असणार? सगळा मामला ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर. आमची पॉलिसी नव्याने लिहायची आहे, म्हणून हा धागा. "आमचे साहेब देवमाणूस" एवढ्यावर थांबू नका. किती वाजता निघालात, कोणी सोडलं, पगारपत्रकात काय उमटलं ते लिहा. कंपनीचं नाव नको.

चाकण, लाईनवर, ठेकेदारामार्फत

आमच्याकडे आजारी पडायलाही रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, लागतो. स्टेशन मोकळं सोडलं तर पुढची सगळी लाईन थांबते, त्यामुळे सुपरवायझर आधी माणूस शोधणार, मग गेटपासवर (बाहेर जायच्या चिठ्ठीवर) सही करणार. पहिल्या पाळीत मला उलट्या सुरू झाल्या. पास मिळाला, पण जायचं कसं? कंपनीची बस पाळी सुटल्यावरच. हायवेपर्यंत चालत जाण्याची ताकद नव्हती, म्हणून फर्स्ट एडच्या खोलीत बाकावर आडवा झालो आणि शेवटी सगळ्यांबरोबर त्याच बसने घरी गेलो. पाळी संपेपर्यंत गेटच्या आतच होतो, तरी मस्टरवर हाफ डे, कारण पंच आधीच मारून घेतला होता. परमनंट पोरांची तीच वेळ सिक लीव्हमध्ये जाते. आमची थेट पगारातून.

ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) म्हणाल तर ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली, त्या दिवसाचा आजारलाभ मिळत नाही. नंतरचे पहिले दोन दिवसही सहसा कोरडे, आणि तिसऱ्यापासून सरासरी रोजाच्या ७० टक्के. म्हणजे साध्या व्हायरलमध्ये हाती भोपळा. माणूस गोळी गिळून पाळी पूर्ण करतो ते काय उगाच?

जिल्हा परिषद शाळा, द्विशिक्षकी

कागदावर आमचं सोपं आहे. मधल्या सुट्टीनंतर अर्धी किरकोळ रजा, केंद्रप्रमुखांना फोन, हालचाल रजिस्टरला नोंद, निघा. खरी अडचण म्हणजे पहिली ते चौथीचे दोन वर्ग माझ्याकडे आणि दोन सरांकडे. मी निघाले की चारही त्यांच्या गळ्यात, आणि त्यांना त्याच दिवशी पोर्टलवर माहिती भरायची असते. मायग्रेन उठला की मी ऑफिसात दार लोटून खुर्चीत डोळे मिटून बसते, आणि दर पाच मिनिटांनी एक मूल दार ढकलून विचारतं, "मॅडम, पाणी प्यायला जाऊ?" रजा शिल्लक आहेत हो. घ्यायच्या कशा?

तहसील कार्यालय, लिपिक

पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून (फेब्रुवारी २०२०) आमची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. मध्येच गेलो तर अर्धी किरकोळ. आजार लांबला तर अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस, आणि वैद्यकीय दाखला देऊन ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेतली तर खात्यातून दुप्पट वजा. एवढंच. बाकी साहेबांच्या मूडवर.

हिंजवडी, आयटी

मला तर जायचीही सोय राहिली नाही! दुपारी अंगात कणकण आली, लीडला सांगितलं. तो म्हणाला, "अरे निघ, तब्येत सांभाळ," आणि मी बॅग उचलल्यावर पुढचं वाक्य, "सहाचा क्लायंट कॉल घरून घेशील ना?" घेतला, पांघरुणात बसून, कॅमेरा बंद ठेवून. पोर्टलवर हाफ डे सिक टाकली होती, ती त्यानेच मंजूर केली होती. म्हणजे रजाही गेली आणि कामही झालं. लॅपटॉप घरी यायला लागल्यापासून 'घरी गेला' म्हणजे 'काम बंद' हे समीकरणच संपलं आहे. पॉलिसीत काही लिहिणार असाल तर हे लिहा: अर्धी रजा मंजूर झाली की त्या दिवशी फोन नाही.

खासगी रुग्णालय, स्टाफ नर्स

ओव्हर (वॉर्डचा ताबा) घ्यायला कोणी आल्याशिवाय आम्ही वॉर्ड सोडू शकत नाही. ताप असला तर ड्यूटी रूममध्ये सलाईन लावतात आणि संपली की परत राउंडला. हॉस्पिटलातच असतो ना, म्हणून आम्ही आजारी दिसतच नाही कोणाला.

स्टुटगार्ट (मूळ नाशिक)

इथे तुमचा प्रश्नच पडत नाही. कामाला सुरुवात केली आणि मध्येच आजारी पडून गेलात, तर तो दिवस पूर्ण पगारी. आजारपणात मालकाने सहा आठवडे पूर्ण पगार द्यायचा असतो, त्याची मोजणीही दुसऱ्या दिवसापासून. तीन दिवसांपेक्षा जास्त लांबलं की डॉक्टरचा दाखला, आणि मालक मागेल तर त्याआधीही. २०२३ पासून तो बहुतेकांच्या बाबतीत कागदावर न्यावा लागत नाही, मालक विमा कंपनीकडून ऑनलाईन मागवून घेतो. मी पहिल्यांदा खोकत बसले होते तेव्हा शेजारचीच मला हाकलायला उठली. काळजी कमी, स्वतःला लागण होईल ही भीती जास्त!

चाकण (वरच्यांना): ताई, तिकडे सगळे दुपारनंतरच आजारी पडत असतील.

स्टुटगार्ट: तसे नग इथेही आहेत, दादा. बॉस त्यांना बोलावून विचारतो. त्यांच्यासाठी बाकीच्यांचा पगार कापत नाहीत.

सांगली, कापड दुकान, मालक

मालकाचीही बाजू ऐका. लग्नसराईत काउंटरचा एक माणूस कमी झाला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. तरी दुपारी गेलेल्याचा पगार मी कापत नाही. वडिलांपासूनची पद्धत. पण एक नियम मी कडक केला आहे. आमचे एक जुने काका "गॅस झालाय, सोडा पितो" म्हणत दुपारभर छाती चोळत गाठोडी उचलत होते. मुलाने बळेच रिक्षात घालून नेलं, तेव्हा हृदयाचं निघालं. आता चक्कर किंवा छातीत दुखणं म्हटलं की एकट्याला सोडत नाही, गाडीची किल्ली काढून घेतो. सोबत एक पोरगा जातो आणि घरच्यांच्या ताब्यात देऊन फोन करतो. रजेचा हिशेब दुसऱ्या दिवशी.

धागाकर्ती

दादा, किल्लीचा मुद्दा उचलला. आमच्या मसुद्यात सध्या असं आहे: जेवणाच्या सुट्टीआधी गेला तर अर्धी रजा, नंतर गेला तर काहीच कापायचं नाही. आणि कंपनीने स्वतःहून घरी पाठवलं तर कधीही गेला तरी काहीच कापायचं नाही. अकाउंट्सवाले म्हणतात, सगळे अडीचला आजारी पडतील. मला नाही तसं वाटत. पडलेच तर दोन महिन्यांत हजेरीतच दिसेल.

निवृत्त, युनियनचं काम केलेलं, पिंपरी

मसुदा ठीक आहे, पण गेटपास बघा. बहुतेक पासांवर दोनच चौकोन असतात, कंपनीचे काम आणि वैयक्तिक काम. आजारी माणूस आपसूक दुसऱ्यात पडतो. पुढे तो दवाखान्यात भरती झाला आणि कामावर असतानाच त्रास सुरू झाला हे दाखवायची वेळ आली, तर कंपनीचाच कागद सांगतो की गडी खासगी कामाला गेला होता. अशी भांडणं मी बरीच लढलो आहे. तिसरा चौकोन छापा, आणि वेळ पास देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावी.

धागाकर्ती

आत्ताच आमचं गेटपासचं पुस्तक काढून बघितलं. दोनच चौकोन आहेत. नवीन छापून घेते. ठेकेदारामार्फत कामाला आलेल्या मुलांनाही हाच पास कसा लावायचा, हे कोणी केलं असेल तर लिहा. ठेकेदार म्हणतोय, मस्टर माझं, तुम्ही मध्ये पडू नका.