डीएनपी करून नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय, सुरुवात नेमकी कुठून?

खाडीकाठ:
नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे, रत्नागिरी जिल्ह्यात आयसीयूला चार वर्षं अधिपरिचारिका आहे. अमेरिकेतली डीएनपी, म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, करून नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स, व्हायचा विचार आहे. पीएच.डी. नको, पेशंटपासून लांब जायचं नाही. नोकरी सांभाळून इथूनच ऑनलाइन होईल का? आणि पुढे कोकणातच काम करायचं झालं तर या पदवीचा उपयोग काय?

सुरूबन:
ताई, आधी एक घोळ दूर करू. डीएनपी ही पदवी, नर्स प्रॅक्टिशनर हा परवाना. तो परवाना मास्टर्स करूनही मिळतो. तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २००४ मध्ये ठरवलं की २०१५ पर्यंत हे शिक्षण डॉक्टरेटच्या पातळीवर न्यावं. पण परवाना देतं राज्य, आणि राज्यांना अजून मास्टर्स चालतं. त्यामुळे 'डीएनपीशिवाय गत्यंतर नाही' असं एजंट सांगत असेल तर लगेच सही करू नका.

क्रम असा. कागदपत्रांचं मूल्यांकन, मग एनक्लेक्स (तिथली नर्सच्या परवान्याची परीक्षा), मग एखाद्या राज्याचा आरएन (नोंदणीकृत नर्स) परवाना, मग प्रवेश. शिक्षण संपल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आणि शेवटी प्रॅक्टिशनरचा वेगळा परवाना. एनक्लेक्स मुंबईत देता येते. किमान ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. बी.एस्सी.वरून थेट डीएनपी पूर्णवेळ केली तर तीन-चार वर्षं, मास्टर्स असेल तर साधारण एक ते दोन.

इथून ऑनलाइन? नाही होणार. थिअरी ऑनलाइन असते, पण प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात प्रत्यक्ष पेशंटसोबतचे किमान ७५० तास प्रिसेप्टरच्या (प्रत्यक्ष कामात शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीच्या) देखरेखीखाली तिकडेच भरावे लागतात, आणि त्यासाठी अमेरिकेतला चालू आरएन परवाना हवा. तुमच्या आयसीयूतल्या चार वर्षांचा प्रवेशाला उपयोग होईल, तासांत मात्र ती धरत नाहीत. तिकडे जाऊन शिकायचं तर विद्यार्थी व्हिसावर सत्राला एकच ऑनलाइन कोर्स पूर्णवेळ शिक्षणात मोजतात, म्हणून वर्गात बसून शिकवणारं विद्यापीठच शोधा. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम, तेव्हा आरएनची नोकरी करून फी भरू हा हिशेब मांडू नका. आणि काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबराशिवाय परवाना हातात देत नाहीत. राज्य निवडतानाच हे बघा, नाहीतर परीक्षा पास होऊनही क्लिनिकल अडतं.

शाखाही आत्ताच ठरवा. आयसीयूत राहायचं असेल तर प्रौढांची ॲक्यूट केअर, म्हणजे गंभीर पेशंटची शाखा. जागा जास्त म्हणून फॅमिली शाखा घेतली तर ते प्रमाणपत्र ओपीडीच्या कामासाठी असतं, क्रिटिकल केअरसाठी नाही.

माडाची_वाडी:
पीएच.डी. आणि डीएनपीतला फरक आपल्याच भागातल्या उदाहरणाने सांगतो. फुरसं किंवा घोणस चावलेला पेशंट आला. विषाबद्दल किंवा उपचाराबद्दल आजवर माहीत नसलेलं काही शोधणं हे पीएच.डी.चं काम. डीएनपीचा प्रकल्प विचारतो, जे सिद्ध झालंय ते आपल्या वॉर्डात रोज घडतं का, आणि घडत नसेल तर कुठे अडतं?

वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घ्या. दोन मिली रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, वीस मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठण बिघडलीय, एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) सुरू. इतकी साधी गोष्ट, तरी बिघडते. काचेच्या नळ्या संपल्या म्हणून कुणी प्लॅस्टिकची घेतं, कुणी डिटर्जंटने धुतलेली परत वापरतं. गोठण सुरू होते ती काचेच्या स्पर्शाने. प्लॅस्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत चांगलं रक्तही पातळ राहतं, आणि गरज नसताना पेशंटला एएसव्ही जाते, रिॲक्शनचा धोका पत्करून. उलट कुणी दहाव्या मिनिटाला नळी हलवून बघितली तरी निकाल भरवशाचा राहत नाही.

प्रकल्प म्हणजे मागच्या पावसाळ्याचे केस पेपर काढा. पेशंट आल्यापासून चाचणीपर्यंत किती मिनिटं, नळी कोणती, सहा तासांनी चाचणी पुन्हा झाली का, हे नोंदवा. मग एकच बदल करा: सर्पदंशाचा वेगळा ट्रे, त्यात नव्या काचेच्या नळ्या आणि टायमर. पुढच्या पावसाळ्यात तेच आकडे परत मोजा. माझ्या मते या पदवीचा खरा कस इथेच लागतो, आणि ही सवय तुम्ही डीएनपीआधीही लावू शकता.

दर्यासारंग:
परत येण्याबद्दल. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमांत डीएनपी नाही, आणि अमेरिकेतला परवाना त्या-त्या राज्यापुरता. तो घेऊन इथे औषधं लिहून देता येणार नाहीत. इथेच काम करायचं नक्की असेल तर कौन्सिलचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' बघा: दोन वर्षांची पदव्युत्तर रेसिडेन्सी, बी.एस्सी. आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, बराचसा वेळ आयसीयूतच जातो. इथेही काम संस्थेच्या प्रोटोकॉलनुसारच, स्वतंत्र प्रॅक्टिस नाही. प्रवेशाआधी विचारून घ्या की हॉस्पिटलात त्या नावाचं पद आहे का, नाहीतर दोन वर्षांनी परत त्याच पदावर, त्याच पगारावर. प्रसूतीची आवड असेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा १८ महिन्यांचा कोर्सही आहे.

खाडीकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. दोन्ही वाटा उघड्या ठेवते. महाराष्ट्र कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. याने अडेल का?

सुरूबन:
अडेल, पण आत्ता हातात घेतलंत तर सुटेल. आधी विवाह नोंदणीचा दाखला लावून कौन्सिलच्या नोंदणीत नाव बदलून घ्या. एनक्लेक्सच्या नोंदणीतलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. एकीकडे एक 'ए' आणि दुसरीकडे दोन असले तरी केंद्रावरून परत पाठवू शकतात आणि फी बुडते. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

ट्रान्स्क्रिप्ट (विषयवार गुण आणि तासांचा उतारा) कॉलेजने परस्पर पाठवायचं असतं, तुम्ही पाठवलेलं धरत नाहीत. त्यात मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती आणि मानसिक आरोग्य यांचे थिअरीचे व क्लिनिकलचे तास वेगवेगळे लिहून मागा. 'पोस्टिंग इतके आठवडे' एवढंच लिहिलं की फाईल तिथेच अडकते. कार्यालयात जाताना तुमच्या बॅचचा अभ्यासक्रम आणि क्लिनिकल लॉगबुकची प्रत सोबत न्या, म्हणजे क्लार्कला आकडे शोधत बसावं लागणार नाही.