ओल्डहॅमच्या सूतगिरणीत काम केलेल्या आजोबांचे घर कसे शोधावे?

गावभागकर, सांगली:
माझे आजोबा माधवनगरच्या गिरणीतील नोकरी सोडून 1957 मध्ये बोटीने इंग्लंडला गेले आणि लँकेशायरमधील ओल्डहॅम येथे एका सूतगिरणीत रात्रपाळीला लागले. त्यांनी आजीला पाठवलेली पत्रे आमच्या गावभागातील वाड्यात एका ट्रंकेत होती. 2019 च्या महापुरात ती भिजून लगदा झाली. त्यातून एकच हवाईपत्र धड निघाले. त्यावरील रस्त्याचे नाव आणि घरक्रमांक वाचता येतो, गिरणीचे नाव मात्र पुसले गेले आहे. आजोबा आणि आजी दोघेही आता नाहीत. ते घर आणि ती गिरणी यांचा माग कसा काढावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

जुनी दप्तरे, सातारा:
जनगणनेच्या मागे लागू नये, असे मी आधीच सुचवतो. तिकडे जनगणनेचे नावनिशीवार कागद 100 वर्षे बंद असतात. 1921 चे कागद 2022 मध्ये खुले झाले आणि 1961 चे 2062 पर्यंत पाहता येणार नाहीत. आपल्या उपयोगाची आहे ती मतदारयादी. राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून भारतीयांना तेथे मतदानाचा हक्क होता, आणि नगरांतील याद्या रस्त्यांनुसार व घरक्रमांकानुसार लावलेल्या असल्यामुळे आडनावाचे इंग्रजी लेखन कितीही बिघडलेले असले तरी पत्त्यावरून नोंद सापडू शकते. ओल्डहॅमच्या स्थानिक अभिलेख केंद्राला 1958 पासूनच्या प्रत्येक वर्षाची यादी पाहण्याची विनंती करा. शिवाय लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात 1960 पर्यंत परदेशांतून आलेल्या बोटींच्या प्रवासी याद्या आहेत. त्यांत वय, व्यवसाय आणि इंग्लंडमधील मुक्कामाचा पत्ताही बहुधा मिळतो.

नकाशावाचक, मिरज:
मी वस्तीविषयी लिहितो. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेने दुसऱ्या महायुद्धानंतर 1 मैलाला 50 इंच या प्रमाणात शहरांचे नकाशे काढले. त्यांवर घरांचे क्रमांक आणि गिरण्यांची नावेही छापलेली आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर असे अनेक नकाशे विनामूल्य पाहता येतात. आपला रस्ता त्यांवर सापडला की पायी जाता येईल एवढ्या अंतरातील गिरण्यांची यादी करा. ओल्डहॅममध्ये गिरण्या इतक्या दाटीने होत्या की जवळची गिरणी हीच आजोबांची, असे धरून चालणे मात्र धोक्याचे ठरेल. कामगारांच्या सलग भिंतींच्या घरांच्या कित्येक ओळी पुढे जुनी वस्ती हटवताना पाडल्या गेल्या, त्यामुळे आजच्या नकाशात रस्ता दिसला नाही तरी निराश होऊ नये. हवाईपत्र बॉलपेनने लिहिलेले असेल, तर अंधाऱ्या खोलीत विजेरी तिरपी धरून पाहा. शाई गेली तरी कागदावर पेनचा दाब राहतो. दुमडलेला भाग ओढून उलगडू नका.

गावभागकर, सांगली:
आपणा दोघांचे मनापासून आभार. विजेरीच्या उजेडात गिरणीच्या नावाची शेवटची दोन अक्षरे उमटलेली दिसली. आता ती नकाशावरील नावांशी ताडून पाहतो. मतदारयादीसाठी आजच पत्र लिहिले आहे. आजी सांगत असे की त्या घरात चौघे राहत आणि पाळीप्रमाणे दोनच खाटा वापरत. उरलेल्या तिघांची नावे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नाहीत. ती यादीत निघाली, तर त्यांच्या घरच्यांचाही शोध घेण्याची माझी इच्छा आहे.