कॅटामरान स्पीडबोटींवर आउटबोर्ड का आले?

प्रश्न: पूर्वी वेगवान कॅटामरानची (दोन समांतर सांगाड्यांच्या बोटींची) इंजिने डेकखाली असत, आता मात्र एमटीआय या बोट-कंपनीच्या ३९०एक्ससारख्या मॉडेलांच्या मागे दोन आउटबोर्ड (बोटीच्या बाहेर बसवलेली इंजिने) टांगलेले दिसतात. हा बदल कशामुळे झाला?

उत्तर १: माझ्या मते मोठे कारण म्हणजे २०१९ साली आलेले मर्क्युरी रेसिंगचे ४५०आर हे आउटबोर्ड इंजिन. ४.६ लिटरच्या व्ही-८ला (आठ सिलिंडरच्या इंजिनाला) सुपरचार्जर, म्हणजे जादा हवा आत दाबणारे यंत्र, जोडून त्यांनी ४५० अश्वशक्ती मिळवली. शिवाय दुरुस्तीसाठी इंजिन-कक्षात ओणवे होऊन बोटे सोलून घ्यावी लागत नाहीत.

उत्तर २: सहमत, परंतु मूळ तत्त्व बदललेले नाही. दोन सांगाड्यांमधल्या बोगद्यात शिरणारी हवा बोटीला उचलून धरते, त्यामुळे पाण्याचा विरोध घटतो. मात्र नाक प्रमाणाबाहेर वर गेले, तर तीच हवा बोट मागच्या मागे उलटवते. जाता जाता, ‘कॅटामरान’ हा शब्द मुळात तमिळ ‘कट्टुमरम’.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बोगद्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.