भरतपूरचं केवलादेव: सायकलने किती फिरावं, पायी किती?

रानवाट
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राजस्थानातल्या भरतपूरला, केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षी बघायला, दोन पूर्ण दिवस हातात आहेत. तिघे जण आहोत: दोघांना सायकलची सवय आहे, आई ६६ वर्षांची आहे, ती सायकल चालवत नाही, पण सपाटीवर दोन-तीन किलोमीटर आरामात चालते. विचारायचं ते असं. सायकल तिथेच भाड्याने घ्यावी की पुण्याहून आपली न्यावी? मुख्य रस्ता सोडून कुठल्या वाटांवर सायकल न्यावी आणि कुठे पायीच जावं? सकाळची वेळ कशी आखावी? आणि आईसाठी काय सोय होईल? पक्ष्यांची यादी नको, ती आहे. वाटांबद्दल हवं आहे.

बांधावरून
आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. उद्यान एकूण २८.७३ चौरस किलोमीटरचं. त्यातला साधारण एक तृतीयांश भाग पाणथळ, बाकीचा बाभूळ, खेजडी, पिलू, कळंब यांचं रान आणि गवताळ माळ. मुख्य गेट उत्तरेला, आग्रा-जयपूर महामार्गावर. तिथून डांबरी रस्ता दक्षिणेकडे जातो. पहिले दीड-पावणेदोन किलोमीटर कोरडं रान, मग शांती कुटीर या जागी रस्त्यावरचा अडसर. खरं पाणी त्याच्या पुढे सुरू होतं. पुढे याच रस्त्यावर सपन मोरी नावाची जागा, आणि गेटपासून सुमारे पाच किलोमीटरवर केवलादेवाचं मंदिर. डांबर इथपर्यंतच धरा, मंदिराच्या पलीकडे कच्ची वाट.

या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मातीचे बांध फुटतात. पाणी बांधांनीच वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये विभागलेलं आहे आणि ब्लॉकना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. पाट्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी हीच अक्षरं असतात, "एल ब्लॉकला सारस आहे" असं सांगतात. तेव्हा गेटवरून निघतानाच नकाशाचा फोटो काढून ठेवा.

विभागणी अशी करा. डांबरी रस्ता सायकलने. रुंद बांध, जिथे गाडीच्या चाकोऱ्या दिसतात, तेही सायकलने. ज्या बांधावर दोन्ही बाजूंनी फांद्या आत आल्या आहेत तिथे सायकल तोंडाशीच कुलूप लावून ठेवा आणि पायी जा. अरुंद बांधावर सायकल वळवायला जागा मिळत नाही. शिवाय सायकलवर बसलेला माणूस बांधाच्या माथ्यावर आभाळासमोर उंच दिसतो, त्याने पाण्यावरची बदकं लांबूनच उठतात. पायी गेलात की झाडांच्या सावलीने, बांधाच्या कडेकडेने, वाकून जाता येतं.

थांबण्याचीही पद्धत आहे. पक्षी दिसल्यावर ब्रेक लावू नका. तीस-चाळीस मीटर आधीच पाय मारणं थांबवून सायकल आपोआप मंदावू द्या. भाड्याच्या सायकलींचे ब्रेक किंचाळतात आणि स्टँड खाडकन पडतो, म्हणून स्टँड पायाने नाही, हाताने धरून लावा. दोघे असाल तर एकामागे एक. घंटी फक्त वळणावर, तीही माणसांसाठी.

प्रकाशाचं एक गणित उपयोगी पडतं. सकाळी तुम्ही दक्षिणेकडे जाता, सूर्य डावीकडे, म्हणून उजवीकडचं पाणी चांगलं उजळलेलं असतं. दुपारनंतर परत उत्तरेकडे येता, सूर्य पुन्हा डावीकडे, म्हणजे तेव्हाही उजवीकडचंच पाणी बघायचं. सकाळी डाव्या बाजूच्या बदकांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात, तिथे वेळ घालवू नका. येताना ती बाजू आपोआप उजवीकडे येते.

पाच किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं असं धरू नका. थांबत गेलात तर मंदिरापर्यंत अडीच तास जातात. दिवसभरात मुख्य रस्ता जाऊन-येऊन दहा किलोमीटर, वर बांधांवर तीन-चार किलोमीटर पायी, एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी मंदिरापर्यंत न थांबता जा आणि तो दिवस दक्षिणेकडच्या कच्च्या वाटेला द्या. तिकडे वर्दळ फार कमी, आणि माळावर गरुड, भोवत्या (हॅरियर), नीलगायी दिसायची शक्यता जास्त. नीलगाय झुडपातून एकदम वाट ओलांडते, म्हणून तिथे उतारासारखा वेग घेऊ नका.

चाक आणि चेन
वरच्या प्रतिसादात काट्यांचा उल्लेख राहिला, आणि या उद्यानात सायकल अडते ती काट्यांमुळेच. देशी बाभूळ आणि विलायती बाभूळ दोन्ही भरपूर. विलायती बाभूळ तोडायची मोहीम वेळोवेळी चालते, आणि तोडलेल्या फांद्या ओढून नेल्या की त्या वाटेवर सुके काटे पसरतात. डांबरावर धोका कमी, कच्च्या वाटेच्या कडांना सर्वांत जास्त. चाकोरीच्या मधोमध चालवा, समोरून कोणी आलं तर कडेला घालण्यापेक्षा उतरून थांबा. सायकल टेकवायची तर झाडाखाली नाही.

पुण्याहून सायकल न्यायची गरज नाही. दोन दिवसांसाठी रेल्वेच्या पार्सलचा खटाटोप अंगावर येतो, आणि वाट पूर्ण सपाट असल्याने गिअर लागतच नाहीत. गेटवर भाड्याने साध्या, एका गिअरच्या सायकली मिळतात. घेण्याआधी हे बघा:

दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून. मागचं चाक उचलून फिरवा, रिम घासत नाही ना. सीट वर-खाली होते का. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी ती हवी, नाहीतर दहा किलोमीटरमध्ये गुडघे बोलायला लागतात. कॅरिअर घट्ट आहे का, कारण पाठीवर पिशवी घेऊन दुर्बीण वापरणं त्रासाचं. आणि टायरवर अंगठा दाबून हवा. गुळगुळीत झालेला टायर असेल तर दुसरी सायकल मागा, काटा त्यातून लगेच आत जातो. सकाळी उशीर केलात तर चांगल्या सायकली गेलेल्या असतात, हे खरं आहे.

पंक्चर झालंच तर पॅच लावून भागत नाही. काट्याचं टोक मोडून टायरमध्ये अडकून राहतं. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोटांऐवजी कापडाचा तुकडा पूर्ण वर्तुळ फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. तो चिमट्याने किंवा नखं कापायच्या यंत्राने आतून ओढून काढा. हे न करता नवीन ट्यूब टाकली तरी शंभर मीटरवर पुन्हा हवा जाते. मग ट्यूब घासा, सोल्युशन पातळ लावा, ते कोरडं पडेपर्यंत पाच मिनिटं थांबा आणि मगच पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच थंडीत सुटतो.

भाड्याच्या सायकलींना बहुधा जुन्या पद्धतीचा, आत रबराची नळी असलेला व्हॉल्व्ह असतो. गिअरच्या सायकलचा छोटा पंप त्याला सरळ बसत नाही, अडॅप्टर घेऊन जा. आतली रबरी नळी वाळली की पंक्चर नसतानाही हवा जाते, म्हणून त्या नळीचा वीतभर तुकडा खिशात असू द्या. आणि आत हवा अर्ध्यावर गेली तर बसून चालवू नका, हातात धरून चालत या. रिमने ट्यूब कापली तर ती दुरुस्त होत नाही.

पाणथळ_प्रेमी
दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी पाण्याबद्दल आणि वेळेबद्दल लिहितो, कारण कुठल्या वाटेला जायचं हे शेवटी पाणीच ठरवतं.

हे तळं निसर्गतः भरलेलं राहत नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध बांधला गेला. त्यातलं पाणी कालव्याने पावसाळ्यात आत सोडलं जातं. दरवर्षी सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं. करौलीकडच्या पांचना धरणामुळे गंभीर नदीचं पाणी घटलं, आणि आता गोवर्धन ड्रेन व चंबळच्या पाण्यावरही भिस्त आहे. त्यामुळे दोन वर्षांची भरतपूर सारखी नसतात. जायच्या आधी हॉटेलला किंवा तिथल्या गाइडला एकच प्रश्न विचारा: यंदा चित्रबलाकांची (पेंटेड स्टॉर्क) घरटी पूर्ण पार पडली का? ऑगस्ट-सप्टेंबरात मांडलेली वसाहत पिल्लं उडेपर्यंत टिकली असेल तर डिसेंबरातही पाणी चांगलं असतं. घरटी सोडून दिली असतील तर पाणी मोजक्याच ब्लॉकमध्ये साचलेलं असेल. तसं असलं तर सगळे बांध पालथे घालण्याऐवजी ज्या ब्लॉकमध्ये पाणी आहे त्याच्याच बांधावर दोन्ही दिवस बसा. पाणी आक्रसलं की पक्षी दाटीने तिथेच येतात.

डिसेंबरअखेरच्या वेळेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. त्या आठवड्यात धुकं दाट असतं, कधी नऊ-दहापर्यंत वीस मीटरपलीकडचं दिसत नाही. सूर्योदयाला गेट उघडल्यावर सरळ पाण्याकडे पळालात तर पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहाल. धुकं असेल तर पहिले दोन तास गेट ते शांती कुटीर या कोरड्या रानात पायी काढा. घुबडं, पिंगळे आणि झुडपातले छोटे पक्षी जवळून बघायचे असतात, त्यांना धुक्याची आडकाठी नाही. धुकं उठलं की सायकल काढा. ऊन तापल्यावर, साधारण अकराच्या सुमाराला, गरुड हवेत चढतात. तारखा बदलता येत असतील तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा निवडा: धुकं विरळ होतं आणि पट्टकादंब हंस व कलहंस अजून असतात.

एक सावधगिरी. पाण्यावर हिरवळीसारखं सलग गवत दिसतं ते पास्पॅलम. ते जमीन नाही, खाली पाणी आणि चिखल असतो. फोटोसाठी बांधावरून त्यावर पाय टाकू नका. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा म्हशींची चराई बंद केली, आणि त्यानंतर हे गवत बेसुमार वाढून उघडं पाणी झाकू लागलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने तिथे वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून ही गोष्ट पुढे आली. पाणथळ जागेला कुंपण घालून हात झटकले की ती राखली जात नाही, तिची देखभाल करावी लागते. बांधांवरून चालताना उघडं पाणी आणि गवताने झाकलेलं पाणी यांतला फरक लक्षात ठेवून बघा: बदकं कुठे आहेत ते लगेच कळतं.

जुन्या पुस्तकांत सायबेरियन क्रौंचाचं नाव असतं. तो २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर इथे आलेला नाही. त्याच्या शोधात सकाळ घालवू नका.

रानवाट
मनापासून आभार. तारखा बदलत नाहीत, तिकिटं झाली आहेत, त्यामुळे धुक्याची योजना तंतोतंत पाळू. आईबद्दल आणि अजगराच्या जागेबद्दल कोणी सांगेल का?

बांधावरून
आईंसाठी पायडलची सायकलरिक्षा घ्या. यातले बरेच चालक पक्षी ओळखण्याचं प्रशिक्षण घेतलेले आहेत आणि घरट्यांच्या, घुबडांच्या ठरलेल्या जागा त्यांना पाठ असतात. दर तासावर असतो आणि गेटवरच्या फलकावर लिहिलेला असतो. ई-रिक्षाही आहेत, पण थांबत थांबत बघायचं तर पायडलचीच बरी, ती हवी तिथे बिनआवाज थांबते. सकाळी चार तासांसाठी ठरवा. तुम्ही दोघे तिच्या मागे सायकलवर राहा, म्हणजे चालकाने दाखवलेलं तिघांनाही दिसेल. आईंना चालायचं असेल तर सपन मोरीपासून मंदिरापर्यंतचा टप्पा घ्या: सपाट, डांबरी आणि दोन्हीकडे पाणी. रिक्षा पुढे पाठवून द्या. उघड्या रिक्षेत बसून राहिल्याने थंडी चालणाऱ्यापेक्षा जास्त लागते. पारा पहाटे चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा गुडघ्यांवर घ्यायला शाल, कानटोपी आणि हातमोजे हवेतच.

मंदिराजवळ माकडं आहेत. डबा रिक्षेत उघडा ठेवू नका, आणि खायला मिळेलच अशा भरवशावर न राहता पाणी व खाणं सोबत असू द्या.

अजगर मंदिराच्या दक्षिणेला, पायथन पॉइंट म्हणतात त्या भागात. साळिंदराच्या जुन्या बिळांत ते हिवाळा काढतात आणि ऊन पडलं की तोंडाशी येऊन शेकतात. म्हणून ढगाळ दिवशी किंवा अकराच्या आधी जाण्यात अर्थ नाही. जमिनीवरच्या पावलांचा हादरा त्यांना लगेच कळतो, तेव्हा सायकल पन्नास पावलं अलीकडे ठेवा, बिळापासून दहा मीटर दूर उभे राहा आणि बिळाच्या माथ्यावर कधीही चढू नका, तिथली माती पोकळ असते. कुंपण किंवा पाटी लावली असेल तर तिथूनच परत.

नाशिककर
दुर्बिणीचा सराव आधी करायचा असेल तर नांदूर मधमेश्वरला एक सकाळ द्या. महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते हेच, गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं, जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालेलं. तिथे सायकलपेक्षा निरीक्षण मनोऱ्यावरून बघणं जास्त. बदकांच्या माद्या एकमेकींपासून ओळखायची सवय तिथे लागली की भरतपूरला पुस्तक चाळण्यात वेळ जाणार नाही. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण घ्या. धुक्यात आणि कलत्या उजेडात तीच उजवी ठरते, शिवाय सायकलवरून उतरल्यावर हात थरथरत असताना १० पटीच्या दुर्बिणीतलं चित्र स्थिर राहत नाही.